धोक्याच्या पाटीवरचा गेरू

तलासरीच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि माझ्या डोक्यात कलेबद्दल भलत्याच कल्पना होत्या. डहाणूहून एसटीने यायचो, चारोटीला गाडी बदलायचो आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक पाटीला नावं ठेवायचो. कोणाची अक्षरं वाकडी, कोणाचे रंग भडक. आपल्या हातून असलं काही होणार नाही, याची मला पक्की खात्री होती.

शाळेपासून दोनेक किलोमीटरवर दगडाची खाण होती आणि खाणीच्या वाटेवर एक पाडा. रोज दुपारी शिटी वाजायची, मग सुरुंग उडायचा आणि शिक्षकांच्या खोलीत कपबश्या थरथरायच्या. उडालेले दगड कधी कधी पाड्याच्या वाटेपर्यंत येत, म्हणून खाणीवरच्या मुकादमाने तिथे लावायला माझ्याकडून धोक्याची पाटी रंगवून मागितली. "मास्तर, खोपडी काढा ने, खाली दोन हाडं. बस," तो म्हणाला.

मला ते फारच हलकं वाटलं. तडजोड हा शब्द तेव्हा मला शिवीसारखा लागायचा. पाड्यावर वाचता येणारे थोडे, म्हणजे चित्रच बोललं पाहिजे, तेही त्यांच्याच भाषेत, असं मी ठरवलं. पत्र्यावर गेरूचा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या रंगात वारली चित्रांतली माणसं काढली. कोणी पळतंय, कोणी पोर कडेवर घेतलंय, वरून दगड कोसळताहेत. आठ दिवस खपलो. खरं सांगतो, इतकं चांगलं चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं आणि नंतरही नाही. मुकादमाने पाहिलं, खांदे उडवले आणि पाटी ठोकून घेतली.

त्याच संध्याकाळी पाड्यावरची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी म्हातारी, पाटीसमोर येऊन उभी राहिली. लग्नघराच्या भिंतीवरचा चौक, म्हणजे लग्नाचं चौकटीतलं चित्र, तिच्या नजरेखाली निघायचा. बराच वेळ बघून तिने विचारलं, "मास्तर, लगीन कोणाचा?"

मी हसलो. ती हसली नाही. गेरूवर पांढरं म्हणजे लग्न, म्हणजे या, बसा, हे तिने मला समजावून सांगितलं. "या रंगाला बघून कोण लांब नाय जात. पोरां जवल येतील. तू दुसरा कायतरी काढ."

तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून पोरं पाटीखाली जमू लागली, कोणत्या बाईच्या कडेवर पोर आहे ते बोटाने दाखवू लागली. मला ते दिसत होतं, आणि वाईट हे की मला त्याचा आनंद होत होता. या रविवारी कोपऱ्यात खोपडी काढू, असं मी तीन रविवार म्हणत राहिलो. चित्र बिघडेल म्हणून हात धजावत नव्हता. दुपारी शिटी वाजली की मात्र शिकवण्यातलं लक्ष उडायचं. आवाज होऊन जाईपर्यंत मी खडू हातात धरून नुसता उभा राहायचो. मला भीती वाटत होती आणि मी काहीच करत नव्हतो.

एका सकाळी शिटी न वाजताच सुरुंग उडाला. शिपायाची सायकल घेऊन मी निघालो. वळणावर पाटी दिसली आणि मी थबकलो. पत्र्यावर शेण सारवलेलं होतं. जुनं चित्र घालवायला भिंत सारवतात तसं, वरपासून खालपर्यंत, नीट. माझ्या माणसांपैकी एकही शिल्लक नव्हता.

"कोणी केलं हे?" मी ओरडलो.

"मी."

धवलेरी पाटीच्या खांबाला टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. उजव्या खांद्यातून रक्त येऊन लुगड्यात मुरत होतं आणि शेजारी मुठीएवढा दगड पडला होता. तरी माझी नजर पुन्हा पत्र्याकडे गेली. ते तिने पाहिलं.

मी विचारलंच नव्हतं. तीच म्हणाली, "पोरां सगली घरी हायत."