धुळ्याच्या तीन खेपा

हॅम्बर्गहून परतताना एकच वस्तू मी मांडीवर घेऊन आलो होतो, स्पूलचा टेपरेकॉर्डर. जळगावला उतरलो, असोद्याला अक्काच्या घरी पोचलो, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याची मोटर जळाली. गावातली वीज कधी मंद, कधी भडक. मी इंजिनिअर, पण ते काही माझ्या ध्यानात आलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. कानबाईची गाणी तिच्याइतकी गावात कोणालाच येत नसत. (श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिची गाणी बायका तोंडपाठ ठेवतात.) अक्काच्या घशात गाठ निघाली होती. शनिवारी सकाळी तिला मुंबईला न्यायचं होतं आणि ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तोवर गाणी टेपवर घ्यायची, एवढ्यासाठी मी आलो होतो. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, आणि अक्काने तर बोलणंच सोडलं होतं. उरलेला आवाज ती मशीनसाठी राखून ठेवत होती.

जळगावच्या रेडिओवाल्याने हात जोडले आणि धुळ्याच्या नथ्थूभाऊंचं नाव सांगितलं. सोमवारीच एस. टी. धरली. गिरणेच्या पुलानंतर केळीचे मळे विरळ होत जातात, पारोळ्यापर्यंत कपाशी सोबत करते आणि पुढे नुसते उघडे माळ. धुळं येईपर्यंत माझे पाय बधिर झाले होते.

नथ्थूभाऊंनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग मी कोणाचा कोण याची चौकशी. यंत्राचे स्क्रू काढायला तास उलटून गेला. आत डोकावून त्यांनी जळालेली तार नखाने उचलून पाहिली आणि ते म्हणाले, ‘‘बुधवारे या भाऊ. व्हई जाई.’’ (होऊन जाईल.)

बुधवारी दुकानाला कुलूप. नथ्थूभाऊ कोणाच्या तरी तेराव्याला गेले होते, ते दुपारी आले. त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की मला हाताला धरून घरी जेवायला नेलं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची), शेवेची झणझणीत भाजी, वर कांदा. वहिनींनी तिसरी भाकरी नको म्हणू दिली नाही. माझी मोटर मात्र दुकानात बशीत उघडी पडली होती, तिची तार अर्धी सुटलेली. शुक्रवारी बठ्ठं (सगळं) व्हई जाई, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यांची नजर मात्र बशीकडे होती.

परतीच्या गाडीत मला हॅम्बर्गचा घड्याळजी आठवला. वडिलांचं घड्याळ त्याच्याकडे नेलं होतं. त्याने भिंग लावलं, हा भाग आता मिळत नाही, होणार नाही, म्हणाला आणि घड्याळ माझ्याकडे सरकवलं. अर्ध्या मिनिटात आटोपलं सगळं. त्या माणसाला मी आठवडाभर मनात शिव्या दिल्या होत्या. तेच घड्याळ एकदा लंडनला नेलं, तर तिथल्या एका दुकानातली बाई इतक्या गोड शब्दांत दिलगीर झाली की काम झालं नाही, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं. दोन्हीकडे पाणी काही कोणी विचारलं नव्हतं.

घरी अक्काने खुणेनेच विचारलं. ‘‘परवा होईल,’’ मी म्हणालो. तिचा चेहरा सैल झाला आणि मला बरं वाटलं.

शुक्रवारी नथ्थूभाऊंनी मोटर फडक्यात बांधून पुढे ठेवली. इतकी बारीक तार धुळ्यात नव्हती. हे तुम्हाला कधी कळलं, असं मी विचारलं.

‘‘सोमवारेच,’’ ते म्हणाले. ‘‘पण तुम्ही इतला दूरथून उनात, तुमले नही कसं म्हनू?’’ (इतक्या लांबून आलात, तुम्हाला नाही कसं म्हणू?)

संताप आला, पण बुधवारची भाकरी आठवून तो गिळला. सोमवारी कळतं तर मुंबईच्या एका मित्राने आपला टेपरेकॉर्डर रेल्वेने पाठवला असता. हॅम्बर्गच्या त्या माणसाने माझे दिवस मला परत दिले होते, हे मला धुळ्याच्या स्टँडवर कळलं.

असोद्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. अक्का नवं लुगडं नेसून तयार बसली होती.

‘‘नाही झालं, अक्का. होणारच नव्हतं. मला बुधवारीच शंका आली होती.’’

पाच दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. ‘‘बुधवारी सांगतलं असतं त सुनेले शिकोलं असतं ना रे मी.’’

नथ्थूभाऊंना काय बोल लावणार? मीही तेच केलं होतं, आणि तेही घरच्या माणसाशी.

अक्काने सुनेला हाक मारली, समोर बसवलं आणि गायला लागली. ओळ ती म्हणायची, सून मागे म्हणायची. दिवेलागणीपर्यंत तीन गाणी झाली. चौथ्याच्या मध्यावर घसा बसला तो बसलाच.

अक्का ऑपरेशनमधून बरी होऊन आली, आवाज तेवढा गेला; लिहिणं तिला कधीच येत नव्हतं. आता दर श्रावणात सून चौथं गाणं अर्ध्यापर्यंत म्हणते आणि थांबते. समोर बसलेली अक्का मग पुढच्या ओळींवर ओठ हलवते. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतो, आणि आम्हाला काहीच कळत नाही.