मेजरच्या गाडीचा रोटर

नाथाजी मेजरला मी वीस-बावीस वर्षं जवळजवळ रोज पाहिलं. तरी तो माणूस कसा होता असं कुणी विचारलं, तर मला धड सांगता येणार नाही. त्याच्या घराच्या सोप्यापलीकडे, म्हणजे पुढच्या ओसरीपलीकडे, मी कधी गेलो नाही आणि तो माझ्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. तो कशाला हसायचा, कुणावर त्याचा जीव होता, मला माहीत नाही. मी पाहिलं तेवढंच लिहितो. त्यातलंही थोडं माझ्या रागानं वाकडं झालं असेल.

मी तासगावच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो. निवृत्त होऊन कुंडलला घरी बसलो त्याच सुमाराला, म्हणजे चौऱ्याण्णव साली, नाथाजीनं काँटेसा घेतली. तो लष्करात ड्रायव्हर होता आणि त्याच्या अठरा-एक वर्षं आधीच हवालदार होऊन परत आला होता. पण आमच्याकडे पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, तसा तोही मेजर. अलीकडे त्यानं थोडा ऊस मोडून द्राक्षं लावली आणि बेदाण्याला दोन-तीन वर्षं चांगला भाव मिळाला. गाडीची हौस खरं तर वीरधवलची, त्याच्या मुलाची. पण गाडी दारात आली तशी किल्ली मेजरच्या कमरेच्या करदोट्याला गेली, ती पुढं कुणाला मिळाली नाही.

मरून रंगाची, लांबलचक गाडी होती. सगळा गाव बघायला आला. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी मागच्या दारावर खिळ्यानं हातभर ओरखडा काढला. कुणी काढला ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून मेजरच्या लेखी अख्खा गाव चोर झाला. त्यानं आवाराच्या भिंतीवर बाटल्यांच्या काचा लावल्या. गाडीच्या शेडला दोन कुलपं घातली. रस्त्यावरून अनोळखी मोटारसायकल गेली की तिचा नंबर तो एका वहीत लिहायचा. पेपरात गाडीचोरीची बातमी आली की कापून ठेवायचा आणि मला वाचून दाखवायचा.

मला, कारण मी तिथं असायचो. गॅरेजवाल्यावर त्याचा विश्वास नव्हता. पहिल्याच सर्व्हिसिंगला त्याला वाटलं की आतले चांगले पार्ट काढून जुने घातले. मग त्यानं मला बोलावणं पाठवलं. मी सोप्याच्या पायरीवर पेटी ठेवायचो, काम करायचो, आणि तो माझ्या हाताकडे बघत उभा राहायचा. एक नट खाली पडला तरी तो आधी वाकायचा.

पलटणीची एक सवय त्यानं सोडली नव्हती. रोज संध्याकाळी गाडी आत लावली की बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायचं आणि आतला रोटर काढून घ्यायचा. अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, वर पितळेची पट्टी. तो नसला तर ठिणगीच पडत नाही, गाडी सुरू होत नाही. लष्करात गाडी उभी करून लांब जायचं तर ड्रायव्हर असं करतात, हे त्यानंच मला सांगितलं.

"किल्ली चोरशील, कुलूप तोडशील. रोटर कुठनं आणशील?" असं म्हणून तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हे फकस्त तुला म्हाईत हाय, राजाराम. ध्यानात ठेव."

मला तेव्हा तो विश्वास वाटला. पुढं कळलं की ती ताकीद होती.

एकदा सगळ्या घराला घेऊन तो महाबळेश्वरला निघाला. वाटेत गाडीला काही झालं तर, म्हणून मला बरोबर घेतलं. मागं त्याची बायको मनुबाई, वीरधवल आणि सून शिवांजली. पुढं मी आणि सीटखाली ऊस तोडायचा कोयता. वाईच्या पुढं घाटात एक जीप बंद पडली होती. एक माणूस हात करत होता, कडेला एक बाई डोकं धरून बसली होती. मेजरनं काचा वर घ्यायला लावल्या आणि गाडी दामटली.

मी म्हणालो, "मेजर, थांबायला पायजे हुतं. बाई आजारी दिसत हुती."

"आसंच थांबवत्यात आन् मान कापत्यात. तुझं काय जातंय, तुझी न्हाई गाडी."

महाबळेश्वरला पोचल्यावर त्यानं गाडीतून उतरायलाच नकार दिला. लॉजला आवार नव्हतं, गाडीतळावर राखण नव्हती. घरच्यांना टॅक्सी करून पॉइंट बघायला पाठवलं आणि हा दिवसभर स्टेअरिंगवर बसून राहिला. मलाही बसावं लागलं. टॅक्सीवाले येऊन वाकून बघायचे.

"काका, अंडी घातल्यात काय खाली? उठत न्हाईसा त्ये," एकजण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "आरं, उबवू दे. एकवीस दिवसांनी मारुत्या निघत्यात."

मला हसू आलं. मी तोंड फिरवलं, पण मेजरनं आरशात बघितलं होतं. परतीच्या वाटेवर शिवांजलीनं घेतलेल्या स्ट्रॉबेरी त्यानं सीटला डाग पडतील म्हणून साताऱ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला टाकून द्यायला लावल्या. मनुबाई म्हणाली, "त्यापरास यष्टीनं आलो आस्तो तर बरं झालं आस्तं."

आता शहाण्णवच्या दसऱ्याचं सांगतो.

नवरात्रात मेजर नऊ दिवस अनवाणी असायचा, आणि अनवाणी पायानं तो गाडी चालवत नसे. तेवढे दिवस गाडी उभी. एवढ्या दिवसांसाठी रोटर कुठं ठेवावा याचा त्यानं विचार केला असणार. घट बसले की देवाला कुणी हलवत नाही, देवघरात उगाच कुणी हात घालत नाही. म्हणून त्यानं रोटर लाल कापडात गुंडाळला आणि देवाच्या पाटाखाली, घटाच्या मागं सारला. घरात कुणाला सांगितलं नाही. हे सगळं मला नंतर समजलं.

अष्टमीला त्यानं मला बॅटरी बघायला बोलावलं. मी पाण्याची पातळी बघितली, टर्मिनल घासून साफ केले, सोप्यावर बसून चहा घेतला आणि आलो. बशी विसळून पायरीवर पालथी ठेवली, नेहमीसारखी.

दसऱ्याच्या दिवशी दुपारनंतर गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. मेजर नवी वहाण सोप्यात काढून ठेवून रोटर आणायला देवघरात गेला. रोटर नव्हता.

त्यानं पाट उचलला, देव्हारा सरकवला. मनुबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी काय न्हाई बगितलं. सकाळी घट उठवला, एवढंच." तेही खरं होतं, तिनं रोटर म्हणून काही बघितलं नव्हतं. मग त्यानं मनाशी हिशेब केला असणार, की घरातल्या कुणाला रोटर म्हणजे काय ते ठाऊक नाही. ठाऊक असलेला माणूस दोन दिवसांपूर्वी सोप्यावर बसून गेला होता.

आमच्यासाठी दसरा म्हणजे दीक्षेचा दिवस. छप्पन्न साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, त्याला त्या वर्षी चाळीस वर्षं होत होती. विहारात सगळी वस्ती जमली होती, दिवस मावळायला आला होता. मी पांढरा सदरा घालून पुढच्या रांगेत होतो, वंदना चालली होती. तेवढ्यात मेजर चपलांसकट दारात येऊन उभा राहिला. मागं आठ-दहा माणसं होती.

"राजाराम, भाईर ये."

मी उठलो. वंदना थांबली.

"रोटर दे."

"कसला रोटर, मेजर?"

"येडं पांघरू नको. गिऱ्हाईक कोण हाय त्येवढं सांग. रोटर तू काढलास, गाडी कोण न्हेनार हुतं?"

मला लहानपणापासून चारचौघांत बोलता येत नाही. माझी बायको जाईबाई मागून पुढं आली.

"आवं मेजर, रोटर हुता कुठं तुमचा?"

"देवघरात. देवाच्या पाटाखाली."

"देवघरात," जाईबाई म्हणाली. "वीस वर्सं झाली, ह्यास्नी सोप्याच्या फुडं या म्हणलाय का कुणी तुमच्यात? बशी भाईर पालथी घालून येत्यात ह्ये. आन् आज देवाच्या पाटाखाली हात घालाय पोचलं व्हय?"

मागच्या माणसांत कुणीतरी हसलं. मेजर आणखी चिडला. "चोराला वाट दावाय लागत न्हाई," तो म्हणाला. "उद्या चौकीत नाव देतो."

त्यानं दिलं. सकाळी मला चौकीवर बोलावलं आणि पेटी घेऊन यायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसवलं. बाजाराचा दिवस होता, जाणारा-येणारा प्रत्येकजण बघत होता. छत्तीस वर्षं डेपोत काढली, माझ्या नावावर एक स्पॅनर कमी भरला नव्हता. मला एवढंच वाटत होतं, की हे कागदावर येऊ नये. एकदा लिहिलं गेलं की मुलाच्या, नातवंडांच्या मागं लागेल.

शेवटी माझी पेटी जमिनीवर पालथी केली. त्यात तीन जुने रोटर निघाले. मेकॅनिकच्या पेटीत ते असतातच. मेजरनं झडप घालून एक उचलला.

"ह्योच."

"त्यो जीपचा हाय, मेजर," मी म्हणालो. "तुमच्या गाडीला बसायचा न्हाई."

चौकीतला हवालदार कंटाळला होता. तो म्हणाला, "बसवून बगू या." सगळे चालत मेजरच्या शेडपर्यंत गेलो, मागं गाव. मेजरनं स्वतः टोपण काढलं आणि रोटर बसवायला लागला. बसेना. त्यानं फिरवला, दाबला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. त्याच्या कपाळावर घाम आला. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं की खाच वेगळी आहे. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

हवालदार म्हणाला, "मेजर, ह्यात काय दम न्हाई. जावा घरी." कागदावर काही आलं नाही. पण गावानं बघायचं ते बघितलं होतं. पुढं कितीतरी महिने कुणाची पाण्याची मोटर चोरीला गेली, कुणाचा डायनामो गेला, की माणसं माझ्याशी बोलताना जरा थांबायची. तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. गाडी दुरुस्तीला बोलावणंही कुणाचं आलं नाही.

मेजरनं सांगलीहून नवा रोटर आणला. वीरधवल एकदा रस्त्यात भेटला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "राजारामबापू, आमचा आप्पा आसाच हाय." मी म्हणालो, "व्हय."

पुढच्या उन्हाळ्यात मेजरच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायला माणसं लावली. त्यात आमच्या शेजारचा गुंडा होता. गाळात त्याला कुजलेल्या कापडाचं बोचकं सापडलं. कापड हाताला लागताच सुटलं आणि आत रोटर. पितळेवर हिरवं कीट चढलं होतं. दसऱ्याला घटाची माती, सुकलेल्या माळा, पानं असं सगळं निर्माल्य पाटीत भरून मनुबाई त्याच विहिरीत सोडायची, दर वर्षी. लाल कापड पाटाखाली दिसलं, देवाचंच काहीतरी असेल म्हणून तिनं तेही पाटीत टाकलं होतं.

गुंडा तो रोटर तळहातावर घेऊन काठावर आला. मेजर तिथंच होता. गुंडानं मला पुढं सांगितलं, "मी म्हणलं, मेजर, ह्यो बगा तुमचा. तर हातातनं घेतला, बगितला आन् खिशात घातला. म्हणला, हात चालवा, पाणी आडलंय."

त्या दिवसापासून मी वाट बघायला लागलो. माफी वगैरे नको होती. चारचौघांत, जशी विहाराच्या दारात हाक मारली तशी, त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं की रोटर घरातच होता. तो आला नाही. जाईबाई म्हणायची, "जाऊन इचारा की." मी दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढून ठेवली. जाऊन काय बोलायचं, तेच मला सुचायचं नाही.

मेजरची भीती मात्र कमी झाली नाही. उलट घरचेच आता निष्काळजी ठरले. मनुबाईनं घर झाडलं तरी तो मागं उभा राहायचा म्हणे. गाडी शेडमधून बाहेर येईनाशी झाली, आली तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन परत. चोरीला ती कधीच गेली नाही. उभ्या उभ्या टायर चिरले, सीटमध्ये उंदरांनी घर केलं. नव्व्याण्णवला मेजरला दिसायला कमी आलं, तेव्हा वीरधवलनं ती मिळेल त्या किमतीला विकली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी तासगावच्या स्टँडवर बसलो होतो. मेजर आला. हातात कापडी पिशवी, डोळ्याला जाड चष्मा. बाकावर माझ्याशेजारी जागा होती, तिथं बसला. मला ओळखलं की नाही ते कळेना. आजूबाजूला आमच्याच गावची पाच-सहा माणसं होती. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला यापेक्षा बरी जागा नव्हती.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कुंडलची गेली का रं, राजाराम?"

"आत्ताच गेली. दुसरी साडेपाचला हाय."

पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. मग त्यानं ती उचलून माझ्या बाजूला बाकावर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"एवढी पिशवी बग. पाणी पिऊन येतो."

मी पिशवीकडे बघितलं. गावची माणसं आमच्याकडे बघत होती.

"पिशवी घेऊनच जावा, मेजर," मी म्हणालो.