चार वाजताची भिंत

आमचा मामा लोकांची घरं रंगवतो, पण तोरा असा की जणू राजवाडेच रंगवतोय. आधी भिंतीवर हातभर रंग लावायचा आणि समोर स्टूल टाकून दिवसभर बसायचा. सकाळच्या उजेडात रंग कसा दिसतो, दुपारी कसा, हे पाहिल्याशिवाय पुढे काम नाही. घरमालक वैतागायचे. मामा ढिम्म.

गेल्या महिन्यात त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तो घरी आला, स्वयंपाकघरात शिरला आणि डोकं धरून खालीच बसला. दोन वर्षांपूर्वी स्वतः रंगवलेली पांढरी भिंत चक्क निळसर होती! मोतीबिंदूमुळे त्याला सगळं पिवळट दिसायचं, आणि तो पिवळेपणा मारायला त्याने पांढऱ्यात भरमसाट नीळ घातली होती.

"अगं, तुला दिसत होतं ना? मग बोलायचं तरी!" रंगाचा डबा उघडत तो मामीवर खेकसला.

"तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?" मामी म्हणाली. "ठेवा तो डबा खाली. चारपर्यंत माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

मामा फुगून बसला. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून पिवळं ऊन आत आलं, भिंतभर पसरलं, आणि निळसरपणा कुठच्या कुठे गेला. भिंत पांढरीशुभ्र झाली.

मामी चहाचे दोन कप घेऊन त्याच्या शेजारी बसली.

"तुम्हाला तेव्हा जे दिसत होतं ना," ती म्हणाली, "ते मी दोन वर्षं रोज चारला बघतेय."