दहाव्याचे सर

गहिनीनाथ लवांडे सरांना नाव करायचं होतं. हौस म्हणून नव्हे. नेवाशाच्या अलीकडे प्रवरेकाठच्या एका गावातल्या शाळेत ते कित्येक वर्षं मराठी शिकवत होते आणि शाळेला अजून अनुदान नव्हतं. म्हणजे मास्तरांना पगार नव्हता. मस्टरवर सही करायची, खडू हातात घ्यायचा आणि यंदा नाही तर पुढल्या साली अनुदान येईल, असं एकमेकांना सांगत राहायचं. घर बायकोच्या, शोभाच्या, शिलाई मशीनवर चाले. संध्याकाळी दार लोटून घेऊन सर तिला ब्लाउजांना हुक लावून देत. दार लोटायचं ते एवढ्यासाठीच की गावातल्या कुणी बघू नये.

अनुदान आलं तर मराठीची एकच जागा मंजूर होणार होती. ती कुणाला द्यायची हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार. त्यांना सगळे दादाच म्हणत. सरांचं वय नोकरीच्या मर्यादेला टेकलं होतं. ही जागा गेली की पुढे काही नव्हतं.

"तुम्ही शिकवता चांगलं, पण ते दादांना कळणार कसं?" गणिताचे सुमंत सर एकदा म्हणाले. सुमंतांच्या घरात तीन पिढ्यांची मास्तरकी होती, त्यामुळे संस्था कशा चालतात हे त्यांना ठाऊक होतं. "दादा काय तुमच्या वर्गात येऊन बाकावर बसणार आहेत? ते असतात व्यासपीठावर. तुम्ही तिथं दिसा. एकदा माणसाचं नाव झालं ना लवांडे, की त्याला बाजूला सारणं जड जातं."

सरांनी संगमनेरहून कार्डं छापून आणली. गहिनीनाथ लवांडे, एम.ए., निवेदक. शोभानं कार्ड उजेडात धरून पाहिलं.

"हा फोन नंबर कुणाचा?"

"कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा. निरोप देतो म्हणालाय तो."

"मग जाहिरात त्याचीच झाली की, अहो."

ती हसली, सरही हसले. पण लग्नांना, सत्कारांना बोलावणारं कुणी भेटेना. तिथं शेरोशायरी करणारे, रंगीत सदऱ्यांचे निवेदक आधीच बसलेले होते. रिकामं होतं ते फक्त दहावं. त्या भागात कुणी गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी विधी होतो, प्रवचन होतं, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. पुढारी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर गाड्या पळवत असतात. त्यांची नावं मानाप्रमाणे पुकारायची, कुणाला राग येऊ द्यायचा नाही, आणि मधल्या वेळात गेलेल्या माणसाविषयी काहीतरी बोलायचं. ते काम हौसेनं घेणारा कुणी नव्हता.

पहिलं दहावं एका म्हाताऱ्याचं होतं. सर आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसले आणि म्हणाले, "त्यांची एखादी गोष्ट सांगा, फक्त घरच्यांनाच माहीत असलेली." मग धाकटी सून म्हणाली, मामंजी साठीत पाटाच्या भरावावर चोरून सायकल शिकले होते, पडून गुडघे फोडून घ्यायचे आणि घरी सांगायचे बैलानं ढकललं. दुसऱ्या दिवशी घाटावर सरांनी तेवढंच सांगितलं, हलक्या आवाजात, सावकाश. बायका आधी हसल्या आणि मग त्यांना हुंदके आवरेनात. पुढच्या सतरंजीवर दादा होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि शेजारच्याला विचारलं, "कोन रं हा?"

"आपल्याच शाळेतले सर आहेत, दादा."

घरी आल्यावर सरांनी शोभाला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. दादांनी विचारलं, हा कोण. स्वतःहून विचारलं.

त्यानंतर आमंत्रणांना खंड पडला नाही. घाटावर गर्दी बसलेली असायची, कर्ण्यातून सरांचा आवाज आला की टोप्या आपोआप उतरायच्या. ते शेवटी म्हणत, "सर्वांना विनंती आहे, आपापल्या जागी उभं राहावं," आणि शेकडो माणसं मान खाली घालून हात जोडून उभी राहत. त्या शांततेत नदी ऐकू यायची. सरांना तेव्हा वाटायचं, झालं, आपलं नाव झालं.

नाव झालंच होतं. शाळेतली पोरं पाठीमागून त्यांना दहाव्याचे सर म्हणायची. दुकानदार रस्त्यातून ओरडायचा, "सर, फोन! कोनीतरी गेलंय!" एका लग्नात ते मांडवाच्या खांबाशी उभे राहिले, तर नवरीच्या मावशीनं नवरीला हळूच पलीकडे ओढलं. आजारी शेजाऱ्याला बघायला गेले, तर त्याच्या सुनेनं दारातच तोंडाला पदर लावला. "एवढं झालंय का हो, सर?"

"नाही हो, सहज आलो."

"तुमी सहज कशाला येताल," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

सत्त्याण्णव साली अनुदान आलं. त्याच महिन्यात दादांचा अमृतमहोत्सव शाळेच्या मैदानावर ठरला. सर संस्थेच्या सचिवांच्या दारात जाऊन उभे राहिले. एवढा एक कार्यक्रम मला द्या, म्हणाले. सचिव टाळत होते, सुमंत सरांनी शब्द टाकला. सरांचा हिशेब साधा होता. आनंदाच्या मंचावर एकदा आवाज ऐकला की लोक मागचं विसरतील, आणि दादांच्या डोळ्यांसमोर मराठीचा मास्तर उभा राहील, घाटावरचा माणूस नव्हे.

आदल्या दिवशी चांगुणाबाई आली. शाळेचा शिपाई रंगनाथ हा तिचा नवरा. तो नुकताच गेला होता.

"सर, उद्याच्याला दहावं हाय. येताल ना? आमच्यात पुढारी कोन येनार न्हाई. तुमी दोन शब्द बोलला तरी लई झालं."

"वहिनी, उद्या दादांचा कार्यक्रम आहे," सर म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "माइक माझ्याकडे आहे."

"व्हय का. दादांचा म्हंजे मोठाच," ती म्हणाली. "असू द्या मग. तुमी जीव लावून बोला."

तिनं ते अगदी सहज सोडून दिलं. ती गेल्यावर शोभा मशीन थांबवून म्हणाली, "सकाळी लवकर घाटावर जाऊन आला असता तर?" सर म्हणाले, "उद्या मला नदीचं पाणीसुद्धा दिसायला नको."

मैदानावर मांडव भरला होता. माइकवाला गोरक्षनाथ घाटावरचा नेहमीचाच, कर्णेही नेहमीचेच. वायर जोडता जोडता तो पुटपुटला, "सर, आज आवाज वर ठेवा बरं का. सवयीनं खाली जाल."

"एवढंही कळत नाही का मला?"

"कळतंय हो. पन गळ्याला सांगा."

फाटकाशी गाडी थांबली. सर माइकजवळ गेले. "दादांचं आगमन होत आहे," ते म्हणाले. "सर्वांना विनंती आहे, आपापल्या जागी उभं राहावं."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं उठता उठता टोपी काढली. त्याच्या शेजाऱ्यानं काढली. मग रांगेमागून रांग उठली, टोप्या उतरल्या, हात जोडले गेले, माना खाली गेल्या. बॅण्डवाल्यांनी गर्दीकडे बघून वाजवणं बंद केलं. साऱ्या मांडवात शांतता पसरली. नदी इथून लांब होती, म्हणून तीही ऐकू आली नाही.

दादा लाल गालिच्यावर आले ते हसत. अर्ध्यावर आल्यावर त्यांचं हसू थांबलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एकही चेहरा वर नव्हता.

टाळ्या, सरांना म्हणायचं होतं. टाळ्या वाजवा. आवाज फुटला तो खोल गेलेला, तोच घाटावरचा. "टाळ्यांच्या गजरात..." दोघातिघांनी हात आपटले आणि लाजून थांबवले. मागे बायकांत कुणीतरी नाक ओढलं. दादांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधारानं पायऱ्या चढले. सरांच्या शेजारून जाताना त्यांनी मान वळवली नाही. सचिवांनी माइक काढून घेतला तेव्हा सरांची बोटं त्याच्याभोवती तशीच वळलेली होती.

मांडवाच्या मागे सचिव म्हणाले, "तुमची चूक नाही, सर. लोकच तसे."

"जागेचं काय, साहेब?"

सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं. "दादांच्या भाच्याची सून आहे, एम.ए. झालेली. तिला घ्यायचं ठरलंय."

"आत्ता ठरलं?"

"काल तुमचंही नाव होतं. आता दादा म्हणाले, रोज शाळेत यायचं आणि ह्याचा आवाज ऐकायचा, ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." जाता जाता ते थांबले. "बाकी काही म्हणा, नाव केलंत तुम्ही."

सर घरी गेले नाहीत. शोभाला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. सायकल घेऊन ते घाटावर गेले. विधी आटोपला होता. ओल्या पायऱ्यांवर फुलं आणि भाताची शितं पडली होती. तिथून ते चांगुणाबाईच्या घरी गेले.

"बसा, सर. च्या टाकते," ती म्हणाली. कार्यक्रम कसा झाला, हे तिनं विचारलं नाही.

"कोण बोललं मग?"

"कोन बोलनार? कर्णे तिकडं हुते ना." मग तिला काहीतरी आठवलं. "पन कावळा आल्या आल्या शिवला बरं का. त्यांचं कशात काय अडकलंच नव्हतं."

सरांना खाली बघावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, त्यांची एखादी गोष्ट सांगता?"

"आता कशाला? झालं की दहावं."

"मलाच ऐकायची आहे."

चांगुणाबाईनं चुलीत काटकी सारली. "त्यांची काय गोष्ट असनार," ती म्हणाली. "घंटा द्यायची, कुलपं लावायची. एक मातर हुतं. तुमचा तास असला की घंटा मुद्दाम उशिरा द्यायचे. खिडकीखाली बसून ऐकत असायचे. हेडसर दोनदा बोलले त्यांना. घरी येऊन मला सांगायचे, सरांचं चाललं हुतं, मधी कशाला तोडू."

चहा उतू जायला आला. तिनं भांडं उतरवलं, पितळीत ओतलं आणि सरांपुढे ठेवलं. मैदानावरून कर्ण्याचा आवाज इथवर येत होता. दुसरंच कुणीतरी बोलत होतं, आणि आता लोक टाळ्या वाजवत होते.

"घ्या, निवतोय," चांगुणाबाई म्हणाली.

सरांनी पितळी दोन्ही हातांत धरली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण स्वतःचा आवाज ऐकण्याची त्यांना भीती वाटली.