कंटाळा आला, एवढंच ती म्हणाली

अन्याय माझ्या ताईवर झाला. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं उरकून सुपारी फिरत असताना, उमेळ्यातल्या आमच्याच ओटीवर झाला. करणारे सगळे नात्यातले होते आणि सगळ्यांची पोटं भरलेली होती.

प्रश्न एकच होता. ताईच्या अडीच वर्षांच्या मुलीनं आईकडे यायचं की ताईच्या सासरीच राहायचं?

बाळंतपणानंतर ताई आजारी पडली. ताप आला असता तर लोक शहाळी घेऊन आले असते. आजार मनाचा निघाला, म्हणून तिला ‘थोडे दिवस माहेरी’ पाठवलं आणि पोरीला नालासोपाऱ्याच्या फ्लॅटवर ठेवून घेतलं. थोडे म्हणजे किती, ते कोणी बोललं नाही. औषधं चालू होती. ताई सकाळी उठायला लागली होती, वाडीत पाणी सोडायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, मुलीला आता आईजवळ असू द्या. म्हणून ही बैठक.

आदल्याच रविवारी आम्ही कळंबला समुद्रावर गेलो होतो. भावोजी मुलीला बाइकवरून आणणार होते, आम्ही दोघी रिक्षानं निघालो. ताई सबंध रस्ताभर एकच सांगत होती, “मला काही वाटणार नाही, बघ तू. कंटाळा येईल. पोरीलाही माझा येईल.”

तिथे काय झालं ते मी पाहिलंय. सुरूच्या सावलीत आम्ही बसलो. भावोजी जरा लांब, फोनमध्ये डोकं घालून. पोरीनं ओली वाळू ताईच्या ओढणीत ओतली नि म्हणाली, “भात.” ताईनं खाल्ल्यासारखं केलं, तोंड वाकडं केलं. “मीठ कमी आहे गं.” पोर तडक समुद्राकडे. “मीठ आणते!” ओंजळीतलं पाणी येईस्तोवर सांडायचं, आणि ताई म्हणायची, “अजून कमी!” हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मासळी वाळत घालणाऱ्या बायका काम थांबवून बघत होत्या.

मग निघायची वेळ झाली. पोर रडली, बाइक गेली, आणि परतीच्या रिक्षात ताई ओढणीतली वाळू झटकत राहिली.

भाऊबीजेला ताईच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “मग, लेकीबरोबर कळंबला कसं वाटलं?”

ताई म्हणाली, “कंटाळा आला.”

संपलं!

आमच्याकडे हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. सिरियल रटाळ झाली तरी कंटाळा, भांडी घासायची नसली तरी कंटाळा, आणि छातीवर दगड ठेवल्यागत जीव जड झाला तरी कंटाळाच. ताई तिसरं बोलत होती. ओटीवर सगळ्यांनी दुसरं ऐकलं.

आत्यानं कपाळाला हात लावला. “पोटच्या पोरीचा कंटाळा? कोन आई म्हनते गं असं?”

मामा म्हणाला, “मला तर रोज हापिसात येतो कंटाळा, मला कोणी माहेरी धाडत नाही!” ओटी हसली. भावोजीही हसले. कळंबला हजर असलेला, बघू शकला असता असा माणूस.

मी म्हटलं, “खोटं आहे. ताई, तू हसत होतीस. मीठ आठवतं का?”

ताई म्हणाली, “हसले असेन. मला नाही तसं आठवत.”

“बघा,” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही कुठे काय म्हणतोय? तिचंच तोंड सांगतंय.”

तिचं तोंड नव्हे, आजार सांगत होता! हाच आजार जाताना तिला सांगतो की काही बरं वाटणार नाही, आणि आल्यावर सांगतो की काही बरं वाटलंच नव्हतं. मधली दुपार तो गिळून टाकतो. ती हसली म्हणजे ती बरी झाली, असं मी म्हणत नाही. पण ती दुपार झाली होती. ज्या आजाराची औषधं चालू आहेत, त्यालाच तुम्ही साक्षीदार केलंत आणि त्याच्या शब्दावर पोर ठेवून घेतलीत.

वर मायलेकींच्या रविवारच्या भेटीही बंद केल्या. “कंटाळाच येतो तर कशाला तिला त्रास,” असं म्हणून. काय ती काळजी!

परवा पोरीचा फोन आला. कसाबसा, तिकडच्या शेजारणीच्या फोनवरून. ती म्हणाली, “आई, मीठ आणू?”

ताईनं फोनवर हात ठेवून मला विचारलं, “कसलं मीठ गं?”

मी पुन्हा सगळं सांगितलं. वाळू, ओढणी, ओंजळ. परक्या बाईची गोष्ट ऐकावी तसं तिनं ऐकलं. मग म्हणाली, “असं झालं होतं?” आणि फोन कानाला लावून हळूच, “आण. कमीच आहे.”

पोरगी अजून नालासोपाऱ्यालाच आहे.

हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. अशी बैठक तुमच्याही नात्यात बसते आणि तुम्ही तिथे सुपारी कातरत बसलेले असता. यापुढे आजारी बाईला ‘कसं वाटलं’ विचारून तिच्या उत्तरावर तिचं मूल तिच्यापासून तोडू नका. स्वतः जा, तिच्याशेजारी वाळूत बसा, बघा, आणि बैठकीत तोंड उघडून सांगा काय पाहिलं ते. आणि तुमच्या घरानं असं एखादं पोर आधीच ठेवून घेतलं असेल, तर पुढच्या भाऊबीजेची वाट बघू नका. ते आजच आईकडे नेऊन सोडा.