सूनबाईंचा आकडा

माझी बायको मेंदूच्या सुजेवर संशोधन करते. उंदरांच्या मेंदूच्या. नाशिकमधल्या आमच्या कॉलनीला हे शेवटचं पटत नाही, त्यामुळे कुणाचं डोकं दुखलं की एमआरआयची पिशवी घेऊन माणूस आमच्या दारात हजर. मी पैठण्या विकतो. माझ्याकडे कुणी चुकून येत नाही.

तिचा एक जुना पेपर जगभर गाजला. मेंदूतल्या राखणदार पेशीच मेंदू सुजवतात, असं तिने त्यात ठणकावून सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा दाखला दिला की हिच्या नावापुढचा आकडा वाढतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, विंचूरला कांदा पिकवतात. रोज मार्केटचा भाव ऐकून झाला की ते फोन करून सूनबाईंचा आकडा विचारत. कांद्याचा भाव चढतो तसा आपटतोही. हा आकडा मात्र कधीच उतरत नाही, हे कळल्यापासून त्यांचा त्याच्यावर जीव जडला होता. कांदा सोडून आपण हेच पिकवायला हवं होतं, असं ते अगदी गंभीरपणे म्हणत.

यंदा तिची प्राध्यापकपदासाठी मुलाखत ठरली. ती जागा तिला फार हवी होती. स्वतःची प्रयोगशाळा मिळाली असती आणि आताच्या साहेबांच्या पेपरांसाठी राबणं संपलं असतं. दादांनी मुलाखतीच्या आधीच गावच्या चौकात फ्लेक्स लावून टाकला. गणपतीत फ्लेक्सवाल्याला फुरसत नसते म्हणे. वर 'आमच्या सूनबाई', मधल्या ओळीत 'यांची प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल', खाली 'हार्दिक अभिनंदन'. सरपंचांचा फोटो हातभर, हिचा पासपोर्टएवढा.

गावी गेल्यावर तो फ्लेक्स बघून तिचा चेहरा पडला. जेवताना तिने दादांना सांगूनच टाकलं की हल्ली आकडा वाढतोय तो बहुतेक वेळा लोक त्या जुन्या पेपराला अर्धवट म्हणतात म्हणून. त्याच पेशी सुरुवातीला मेंदूला वाचवतात, हे तिनेच नव्या पेपरात दाखवलंय. त्याचा दाखला मात्र अजून कुणी दिलेला नाही. शिवी आणि शाबासकी, आकड्याला दोन्ही सारख्याच.

दादांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "हे त्या मुलाखतवाल्यांना ठावं हाय का?"

"नाही. ते आकडाच बघतात."

"मग गप ऱ्हाय की."

मीही तेच म्हणालो. पैठणीची उलटी बाजू मी गिऱ्हाइकाला आपणहून दाखवतो, खरी वीण तिथेच कळते. बायकोला मात्र गप्प बस म्हणालो.

ती गप्प बसली नाही. मुलाखतीत अध्यक्षांनी जुन्या पेपराचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा हिने तो अर्धा चुकलाय आणि माझाच नवा बघा म्हणून सांगितलं. त्यांनी नव्याचा आकडा पाहिला. शून्य. जागा दुसऱ्याला गेली. घरी येऊन तिने पर्स खुंटीला लावली, चहा केला आणि अख्खा फ्रिज पुसून काढला. मला त्या मंडळींचा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा तिचाही.

आम्ही यायच्या आत फ्लेक्स उतरवा, असं मी दादांना फोनवर बजावलं. ते "बघतो" म्हणाले. रविवारी गेलो तर फ्लेक्स जागच्या जागी. मधल्या ओळीवर तेवढी बारदानाची पट्टी सुतळीने शिवलेली. वर 'आमच्या सूनबाई', खाली 'हार्दिक अभिनंदन'. दादा पारावर बसले होते. माझं डोकं फिरलं. गावभर हसं करून घ्यायची हौसच आहे का, असं मी त्यांना विचारलं.

"काढायचा कशाला?" दादा म्हणाले. "येवढीच ओळ खोटी हुती."

निकालानंतर ती पहिल्यांदा रडली, तिथे चौकात, सरपंचांच्या फोटोसमोर. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "दादा, माझा फोटो एवढुसाच का हो?"

"पुढच्या बारीला मोठा टाकू," दादा म्हणाले.