एकच कॉर्ड, चार नावं

मी वीज खात्यात मीटर तपासतो. इतकी वर्षं हेच काम केल्यामुळे सील शाबूत दिसलं की मला आधी शंका येते. घरचे यावरून चिडवतात. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गिटार शिकायला बसलो, तेव्हा हा स्वभाव दाराबाहेर चपलांपाशी ठेवता आला असता तर बरं झालं असतं.

शिकायचं कारण साधं होतं. धारला आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं आणि त्या दिवशी ती तिच्या माहेरचं एक जुनं पद म्हणणार होती. पेटी वाजवणारे काका गेल्यापासून तिला साथ करणारं कोणी उरलं नव्हतं. तिचा आवाज खाली उतरत पांढरी एकवर आला होता, मध्येच धाप लागायची. पुढच्या वर्षी ती गाईल की नाही, हे घरात कोणी बोलत नव्हतं. त्या एका पदाला मला तिच्या शेजारी बसून साथ करायची होती.

मी नोकरीमुळे देवासला एकटा राहतो, शनिवारी इंदूरवरून बस बदलून धारला जातो. देवासला एक मास्टरजी मिळाले. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून वय झालेले, आता घराच्या पुढच्या खोलीत शिकवणारे. पदाच्या बाकीच्या ओळी महिनाभरात बसल्या, पण एक जागा काही केल्या बसेना. तिथे आई शुद्ध मध्यमावरून पंचमाकडे जाताना तीव्र मध्यमावर जराशी रेंगाळते, आणि माझी प्रत्येक कॉर्ड तिथे तिच्या पायात पाय घालायची. फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकून मास्टरजी म्हणाले, “यहाँ डिमिनिश्ड लगेगा, भिया.”

त्यांनी खालच्या चार तारांवर वाकडीतिकडी बोटं ठेवून दाखवली. पहिला पडदा, दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. म्हणाले, ही कॉर्ड सी डिमिनिश्ड. पुढच्या गुरुवारी तीच बोटं तीन पडदे वर सरकवली आणि तिला ई फ्लॅट म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी तीन पडदे वर, नाव आणखी निराळं. चौथ्या वेळीही तेच. मी मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली.

आमच्या घरात सगळं सरगममध्ये मोजलं जातं. त्या रात्री मी वही काढली, पांढरी एक सा धरला आणि चारही कॉर्डचे सूर लिहून काढले. पहिलीत सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. दुसरीत तेच चार, क्रम वेगळा. तिसरीत तेच. चौथीतही. चोरी पकडल्याचा आनंद मला झाला, खोटं कशाला सांगू? एकच माल चार वेळा चार नावांनी माझ्या गळ्यात मारला होता.

त्यात काकांनी लहानपणापासून ऐकवलेलं डोक्यात होतंच. गुरू खरी चीज पोटच्या पोरासाठी राखून ठेवतात आणि शिकवणीवाल्यांना चोथा देतात, हे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मास्टरजींचा मुलगा इंदूरला गिटार वाजवतो. माझा हिशेब लगेच जुळला. दोन गुरुवार मी गेलोच नाही. खरी कॉर्ड कुठली ते मोबाइलवर शोधत बसलो. तिथेही तोच आकार दिसला, तर मला वाटलं हेही सगळे एकमेकांचंच बघून शिकवतात.

तिसऱ्या गुरुवारी वही घेऊन गेलो आणि त्यांच्यापुढे उघडली. “मास्टरजी, ये चारों तो एक ही हैं.”

त्यांनी चष्मा लावून वही सावकाश वाचली. सरगम त्यांना येत होती, हे मला तेव्हा कळलं. “हाँ, एक ही है,” ते म्हणाले. “इसमें चारों में से किसी को भी सा मान लो, चलेगा. इसीलिए चार जगह से दिखाया. माताजी का हाथ जहाँ पकड़ना हो, पास वाली जगह से पकड़ लेना.” मग वही मिटून माझ्या हातात दिली. “मेरे उस्ताद ने इसी के लिए मुझे तीन साल घुमाया. मैंने सोचा, तुम्हारे पास इतना टाइम नहीं है.”

मला लाज वाटली. त्यांनी गिटार पुढे केली, कार्यक्रम कधी आहे ते विचारलं, आणि आम्ही ती जागा पन्नास वेळा तरी वाजवली.

धारला आई पाटावर बसून गायली. ती जागा आली तेव्हा मी बोटं ठेवली आणि ती तीव्र मध्यमावर नेहमीपेक्षा जास्त थांबली, मजेत थांबली, धाप न लागता. मग पंचमावर गेली. माझे डोळे भरून आले, म्हणून मी पडद्यांकडेच बघत राहिलो.

पानं मांडली जात होती तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. “ती जागा कोणी दाखवली रे तुला?”

“मास्टरजींनी.”

“मग आहेत कुठे ते? मला त्यांस नमस्कार करायचाय. अक्षत दिलीस ना त्यांस?”

देवासच्या मंडळींना आमंत्रण द्यायला तिने कुंकवात रंगवलेल्या अक्षतांची पुडी माझ्याजवळ दिली होती. ऑफिसात सगळ्यांना अक्षता दिल्या. मास्टरजींच्या दारापर्यंतही गेलो होतो. पण त्यांनी तारीख का विचारली असेल, याचा विचार करत तिथेच थांबलो. ते आले तर गिटार आपल्या हातात घेतील, आईला साथ तेच करतील आणि मी बाजूला बसेन, असं मला वाटलं. पुडी खिशात ठेवून तसाच परत आलो होतो.

“दिली होती,” मी म्हणालो. “त्यांची तब्येत बरी नाही.”

आईने वहिनीला हाक मारली आणि मास्टरजींसाठी कमी तिखटाचं वेगळं काढून डब्यात भरायला सांगितलं.